सहा सेकंदांचा नमुना

त्या दिवशी भरतेश मगदूमला दुपारपर्यंत सतरा माणसं मारायची होती, आणि बाजारातून आलेल्या शेवग्याच्या शेंगा जून निघाल्या.

जून शेंग मोडते, पण तिचा आवाज लाकडासारखा येतो. मानेला कोवळी शेंग लागते, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, आणि मोडताना थोडा पीळ द्यावा लागतो. पीळ दिला नाही तर मान मोडल्यासारखी वाटत नाही, भाजी निवडल्यासारखी वाटते. हे भरतेशला कुणी शिकवलं नव्हतं. कोल्हापुरात, कळंब्याच्या घरामागे एक बंदिस्त खोली बांधून तो चौदा वर्षं खेळांसाठी आवाज बनवत होता. खेळ म्हणजे पोरं डोळ्यांवर चष्मा चढवून खेळतात ते. त्यातली माणसं यंत्र काढतं, रक्तही यंत्रच काढतं. आवाजही यंत्राकडून काढून पाहिले होते, पण यंत्राचा ठोसा चार-सहा महिन्यांत कानाला शिळा व्हायचा. हातचा व्हायचा नाही. म्हणून भरतेशला काम होतं.

हाडाला ऊस. ठोशाला ओला टॉवेल आणि कापसाची जुनी गादी. डोक्याला कलिंगड. बोटांना गाजर. गाजरांची पाटी कामाच्या खोलीतच असायची, कारण आत्ती ती स्वयंपाकघरात येऊ देत नसे. मगदूम जैन, त्यांच्या घरी जमिनीखालचं काही शिजत नव्हतं.

आत्ती म्हणजे भरतेशच्या वडिलांची बहीण. भरतेशची बायको अक्षता गेल्या वर्षी गेली, तेव्हापासून ती हुपरीहून येऊन राहिली होती. हात कामाचा आणि जीभ त्याहून.

"खायचं न्हाई आणि मोडायचं चालतं," ती दारातून म्हणाली. "मुंगी मेली तर चुटपुटणारं घर आपलं. तुझा आजा असता तर काय म्हणाला असता?"

"गाजर खाऊ नको म्हणाला असता. मी खात नाही."

"लई शाणा हाईस. फोन वाजायलाय तुझा मघापासून."

फोनवर शाळेचा निरोप होता. 'कु. चंदना भरतेश मगदूम, इयत्ता पाचवी. संवेदनांक १९. पालकांनी तीन दिवसांत संवेदनांक केंद्रात समक्ष भेटावे.'

भरतेशने निरोप दोनदा वाचला. मग माइक बंद केला. सतरापैकी सहा माणसं त्या दिवशी जिवंत राहिली.

संवेदनांकाला लोक 'कळवळा' म्हणत. तुमच्या पोराचा कळवळा किती, असं बायका भाजी घेताना विचारत.

त्यामागचं शास्त्र साधं होतं. दुसऱ्याला लागलेलं पाहिलं की आपलं अंग आधी हलतं, मन मागाहून. शेजाऱ्याचं बोट दारात सापडलं तर आपण आपलं बोट मागे ओढतो. त्या क्षणी बोटांच्या टोकांना बारीक घाम सुटतो, बाहुली मोठी होते, भुवयांमधला एक लहानसा स्नायू आवळतो आणि काळजाचा एखादा ठोका लांबतो. हे सगळं एका सेकंदाच्या आत होतं आणि मुद्दाम करता येत नाही. शास्त्रज्ञ हे पूर्वीपासून मोजत होते. नवं एवढंच झालं की ते मोजणारी कपाळपट्टी स्वस्त झाली आणि शाळेत पोचली. मुलाला बारा दृश्यं दाखवायची, प्रत्येक सहा सेकंदांचं. कुणी जिन्यावरून पडतंय, कुणाच्या हातावर काठी बसतेय. शेवटी शंभरपैकी एक आकडा येतो. दहा वर्षांच्या मुलाला साठाच्या आसपास यावा अशी अपेक्षा.

मारामारीच्या खेळांवर आधी वयाची बंदी होती. ती कुणी पाळली नाही. मग नवा कायदा आला. वय सोडा, प्रत्येक मुलाचा आकडा पाहा आणि त्याप्रमाणे त्याचे फोन-चष्म्याचे पडदे उघडा किंवा बंद करा. तिसाच्या खाली आकडा आला की मूल लाल यादीत. मग त्याचे सगळे पडदे बंद, आणि घरात निबरपणाचं कारण काय आहे ते शोधायचं.

एक प्रश्न मात्र सुटला नव्हता. मारामारी पाहून मूल निबर होतं, की निबर मूलच मारामारी पाहायला जातं? संशोधकांनी लिहिलं होतं, 'दोन्हींत संबंध आढळतो.' कायद्यात तेच वाक्य आलं तेव्हा 'संबंध' या शब्दाच्या जागी 'परिणाम' आला होता.

केंद्र जुन्या पोस्ट ऑफिसच्या वरच्या मजल्यावर होतं. तपासनीस कणसे मॅडम पन्नाशीच्या, आधी वीस वर्षं शाळेत शिकवलेल्या. त्यांनी चंदनाला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि भरतेशला खुर्ची दिली.

"तुम्ही काय करता?"

भरतेशने सांगितलं. मॅडमनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"म्हणजे घरातच कारखाना आहे."

"आवाजाचा आहे. चंदनाला चष्मा दिलेला नाही. ती खेळ बघत नाही."

"ऐकते?"

"मदत करते. म्हणजे करायची. तिची बोटं लहान, तिला बारीक आवाज चांगले जमतात."

मॅडमनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. रागाने नाही.

"मगदूम, मी तुम्हाला एक गोष्ट सांगते. मी शाळेत असताना सातवीतली एक मुलगी जिन्यावरून पडली. मनगट मोडलं. भोवती तीस-चाळीस पोरं उभी. कुणी हात दिला नाही. नंतर मी एकेकाला विचारलं, का रे बाबांनो? त्यातली निम्मी म्हणाली, मॅडम, आम्हाला वाटलं ती नाटक करतेय. का वाटलं? तर म्हणे, आवाजच आला नाही. हाड मोडलं तर एवढा मोठा आवाज येतो, हे त्यांना ठाऊक होतं. कुठून ठाऊक होतं?"

अक्षताही एकदा असंच काहीसं बोलली होती. तेव्हा भरतेशने हसून टाळलं होतं.

"आता नियम सांगते. एक तर तुमचं काम सहा महिने बंद, सगळं सामान घराबाहेर, मुलगी लाल यादीत आणि दर आठवड्याला घरी तपासणी. नाहीतर मुलीला सहा महिने आमच्या निवासी वर्गात पाठवायचं, पन्हाळ्याला. तुमचं काम चालू राहील."

"ती माझ्याशिवाय राहत नाही. आई गेल्यापासून तर नाहीच."

"मला कळतंय. म्हणून फेरचाचणी ठेवता येते. आधी पहिल्या चाचणीतली दृश्यं तुम्हीच बघा, तिचा आलेख बाजूला दिसेल."

पहिल्या दृश्यात एका मुलाचं बोट दारात सापडलं. कडक् असा आवाज झाला. चंदनाची रेघ सपाट. दुसऱ्यात काठी. सपाट. तिसरं दृश्य सुरू झालं आणि भरतेश हसला.

"हसण्यासारखं काय आहे?"

"मॅडम, हे माझं आहे."

"काय तुमचं आहे?"

"आवाज. तिन्ही. बोटाचा तर तीन वर्षांपूर्वीचा आहे. मी आवाजांचा एक मोठा संच विकला होता, तुमच्या लोकांनी त्यातूनच घेतलेत." त्याने दारातून हाक मारली, "चंदू, ये गं आत. हे ऐक."

चंदनाने ऐकलं. दोन वेण्या, एक सुटलेली. "हे मी मोडलंय," ती म्हणाली. "गाजर. आधी दोन वाया गेली होती, पप्पा ओरडले होते."

कणसे मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते फार वेळ ठेवलं नाही. बारापैकी नऊ आवाज भरतेशचे निघाले. ज्या पोरीने गाजर मोडलं, ती गाजराला कशी दचकणार? मॅडमनी तसं लिहून घेतलं आणि दुसऱ्या राज्यातून दृश्यं मागवायचं ठरवलं. भरतेश घरी आला तेव्हा निम्मं ओझं उतरलं होतं. आत्तीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बघ, गाजरानं तारलं तुला," आणि कधी नव्हे ती मोठ्याने हसली.

फेरचाचणीत चंदनाला चौदा आले. आधीपेक्षा पाच कमी.

या वेळी एकही आवाज भरतेशचा नव्हता.

परतताना त्याने गाडी रंकाळ्याच्या कठड्यापाशी लावली आणि बिनकांद्याची भेळ घेतली. चंदनाने आधी शेंगदाणे वेचून खाल्ले. भरतेश विचारायचं कसं याचा विचार करत राहिला आणि शेवटी त्याने सरळ विचारलं.

"ते बघताना काय वाटत होतं?"

"काही नाही. खोटं होतं ते."

"आवाज माझे नव्हते."

"तुमचे नव्हते, पण तसलेच होते." तिने कागदाचा कोन दाबून चपटा केला. "खरं दुखतं तेव्हा आवाज कुठे येतो?"

भरतेश पाण्याकडे बघत राहिला. अक्षताचा आजार हाडांत उतरला होता. शेवटचे दोन महिने ती घरीच होती. कुशीवर वळायचं म्हटलं तरी तिच्या पाठीतून कळ जाई, पण ती ओरडली नाही. शेजारच्या खोलीत पोर अभ्यास करतेय म्हणून ओरडली नाही. ती फक्त एक श्वास घेई आणि धरून ठेवी.

"तुला अजून आठवतो तो श्वास?" त्याने विचारलं.

"हो."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही पण नाही बोललात," चंदना म्हणाली आणि भेळ संपवली.

भरतेश एकटाच केंद्रात गेला तेव्हा कणसे मॅडमनी नियमांची वही काढली. त्यांनाही मुलीला लाल यादीत घालायची घाई नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं.

"अजून एक वाट आहे. वैयक्तिक नमुना. मुलाच्या ओळखीच्या माणसाचं खरं दुखणं, चित्र किंवा आवाज, सहा सेकंद. त्याला मुलीने प्रतिसाद दिला तर आधीचे दोन्ही आकडे रद्द होतात. असं काही असतं का हो कुणाकडे? कुणाकडेच नसतं. पण नियमात आहे म्हणून सांगते."

"माझ्याकडे आहे," भरतेश म्हणाला.

कामाची खोली अशी बंदिस्त होती की आतून घरातलं काही ऐकू येत नसे. अक्षता अंथरुणाला खिळली तेव्हा त्याने तिच्या उशापाशी एक लहान माइक लावला होता, तिने हाक मारली तर कळावी म्हणून. त्याच्या यंत्रात जे शिरे ते आपोआप साठून राही. शेवटचे अकरा दिवस तसेच साठले होते. त्याने ते पुसले नव्हते आणि ऐकलेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंदना शाळेत गेल्यावर तो कानावर हेडफोन लावून बसला. पंख्याची घरघर. भांड्यांचा आवाज. कुणीतरी बेल वाजवली. मग खाट करकरली आणि श्वास आला. आत ओढलेला, मध्येच अडकलेला, आणि पुढे काही नाही. मोजून चार सेकंद काही नाही. मग हळूच सोडलेला. बस, एवढंच. कुणा अनोळखी माणसाने ऐकलं असतं तर म्हटलं असतं, कुणीतरी झोपेत कूस बदलतंय.

असे पुष्कळ होते. त्यातला एक त्याने निवडला. पंखा त्यात फार येत होता, म्हणून त्याने पंखा काढून टाकला. श्वास बारीक होता, म्हणून थोडा उचलला. सुरुवातीला हलकंसं वजन दिलं, कारण सुरुवात पक्की असली की पुढचं मनात ठसतं. चौदा वर्षांची सवय. हात आपले आपण चालत होते. मग त्याच्या ध्यानात आलं की तो बायकोचं दुखणं चांगलं वाजावं म्हणून घासतोय.

त्याने केलेलं सगळं काढून टाकलं. पंख्यासकट मूळचे सहा सेकंद तेवढे कापून घेतले.

आत्ती दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"ते पोरीला ऐकवणार हाईस?"

"ऐकवलं तर ती घरी राहते आणि माझं कामही राहतं."

"आणि ऐकून तिला लागलं तर?"

"लागावं म्हणूनच ऐकवायचं आहे, आत्ती. लागलं की पास."

आत्तीने पदराने हात पुसले. "आमच्या वेळी पोरांना लागू नये म्हणून माणसं झटायची," ती म्हणाली आणि निघून गेली.

चंदनाला घेऊन तो तिसऱ्यांदा केंद्रात गेला तेव्हा तिला बाहेरच्या बाकावर बसवून मॅडमनी दार लोटलं. खोलीत पडदा होता, दोन स्पीकर होते आणि टेबलावर पट्टी.

"आधी मला ऐकावं लागतं," मॅडम म्हणाल्या. "नमुन्यात फार भयंकर काही नाही ना, हे तपासनीसाने स्वतःवर चालवून बघायचं असतं." त्यांनी पट्टी आपल्या कपाळाला बांधली, बोटांना टोप्या लावल्या. पडद्यावर त्यांची रेघ उमटली. त्यांनी मान हलवली.

भरतेशने सुरू केलं.

सहा सेकंद गेले. पडद्यावर आकडा आला, आठ.

मॅडमच्या कपाळावर पट्टीखाली आठी पडली. "झालं?"

"झालं."

"मला काही... माफ करा, मगदूम. यात दुखणं कुठे आहे? मला पंखा ऐकू आला."

"त्यानंतर आहे."

"परत लावा बघू. आवाज वाढवून."

त्याने आवाज वाढवला. पंखा, खाट, श्वास. अडकलेला. मॅडम डोळे बारीक करून ऐकत होत्या. श्वास सुटायच्या आधीच दार उघडलं. लोटलेलं होतं, लावलेलं नव्हतं.

चंदना आत आली. तिने मॅडमकडे पाहिलं नाही, पडद्याकडेही नाही. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. भरतेशच्या दंडाला हात लावून ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पप्पा, चला. आईला कूस बदलायचीय."

ती हे वाक्य रोज म्हणायची. घरात त्या दोन महिन्यांत तो श्वास सगळ्यांत आधी तिला ऐकू यायचा, माइकच्याही आधी, आणि ती वही मिटून त्याच्या कामाच्या खोलीच्या दारावर थाप मारायची. मग ती दोघं मिळून अक्षताला वळवायची. एकाने खांदा धरायचा, एकीने गुडघे.

वाक्य संपल्यावर ती थांबली. खोलीत खाट नव्हती. तिने एकदा स्पीकरकडे पाहिलं, एकदा बापाकडे. मग त्याचा दंड सोडला आणि दोन्ही हात मागे नेले.

पडद्यावरचा आकडा हलला. पट्टी अजून मॅडमच्या कपाळावर होती. बावीस, एक्केचाळीस, अडुसष्ट. चौऱ्याहत्तरवर तो थांबला. मॅडमनी घाईने टोप्या ओढून काढल्या, पट्टी सोडली. रेघ बंद झाली.

"चंदना, बाळ, बाहेर बस थोडा वेळ. मी बोलावते," त्या म्हणाल्या.

दार या वेळी नीट लागलं.

"मगदूम, ऐका. मी पाहिलं, तुम्ही पाहिलंत. पण माझ्या पाहण्याला नियमात जागा नाही. मला आकडा लागतो. नमुना मी मंजूर करते, काय लिहायचं ते माझं मी बघेन. तिला पट्टी बांधू आणि अजून एकदा लावू. सहा सेकंद. चांगला आकडा येणार, मी पैजेवर सांगते."

भरतेशला माहीत होतं, येणार. कदाचित नव्वद येईल. उद्यापासून शाळेत कुणी विचारणार नाही, घरी तपासणी येणार नाही. दुपारपर्यंत सतरा माणसं मारता येतील, आणि पोर शेजारच्या खोलीत गृहपाठ करत असेल.

"तिला आता ठाऊक आहे, काय लावणार ते," तो म्हणाला.

"त्याने फरक पडत नाही. मुद्दाम कुणाला थांबवता येत नाही ते."

"म्हणूनच."

मॅडमनी हातातली पट्टी टेबलावर ठेवली.

"खांदा धरताना मी तिला सांगायचो, हळू, आईला दुखेल," भरतेश म्हणाला. "आता तिला धरून बसवायचं आणि दुखव म्हणून यंत्राला सांगायचं? नको. लाल यादीत घाला. सामान मी उद्याच घराबाहेर काढतो."

"सहा महिन्यांनी परत चाचणी असते. परत चौदा आले तर?"

"तेव्हाचं तेव्हा."

"आणि काम?"

"तुमच्या शाळेतली ती मुलगी," त्याने विचारलं, "मनगट मोडलं तेव्हा काहीच आवाज आला नव्हता?"

"मी जवळच होते. मला तर नाही आला."

"मला वाटलंच होतं," भरतेश म्हणाला. कामाबद्दल तो आणखी काही बोलला नाही.

मॅडमनी खणातून एक फॉर्म काढून पुढे सरकवला. वैयक्तिक नमुना चाचणी पालकाने नाकारल्याबद्दल. नाव, पत्ता, मुलीचा शेवटचा आकडा. भरतेशने चौदा लिहिलं. त्याखाली रकाना होता, नकाराचे कारण. तिथे त्याने लिहिलं, 'मुलीला त्रास होईल.'

मॅडमनी फॉर्म फिरवून वाचला. त्यांनी चौदावर बोट ठेवलं आणि मग कारणावर.

"असं लिहिलंत तर वरून मला विचारतील. आकडा चौदा असलेल्या मुलीला त्रास होईल, हे पालकाने कशावरून ठरवलं?"

"विचारू दे," भरतेश म्हणाला, आणि खाली सही केली.